डाव्या गालावरचं ‘हाव जी’

पेशंट टेबलावर आडवा झाला, की मी आधी विचारते, “फोन कोणाजवळ आहे?”

नवीन माणूस हमखास गोंधळतो. बंद करायला सांगतील या समजुतीनं खिसे चाचपायला लागतो. एक बाई तर “आणलाच नाई जी” म्हणाल्या आणि त्याच क्षणी त्यांच्या पिशवीत तो वाजायला लागला. मी म्हणते, “बंद नका करू. कॅमेरा उघडा आणि मंदाताईंच्या हातात द्या.”

मंदाताई माझ्या दवाखान्यातल्या नर्स. माहेर समुद्रपूरचं आणि आवाज एस.टी. स्टँडवरच्या भोंग्याला पुरून उरेल असा. त्या फोन हातात घेतात आणि पेशंटला दटावतात, “हासू नका. लग्नाचा फोटो नोय हा. चामडीचा हाये.”

मी वर्ध्यात त्वचारोगाची डॉक्टर आहे. घर पिपरी मेघेत, दवाखाना शहरात, स्वभाव कमी बोलण्याचा. या अंकाच्या संपादकांनी ‘कामातल्या गमती लिहा’ म्हणून सांगितलं. गमती आहेत, त्या लिहितेच. पण हा फोनचा प्रश्न मी का विचारायला लागले ते सांगायचं, तर रोहण्याच्या वामनरावांचं सांगावं लागतं. आणि ते मी बरीच वर्षं खुद्द वामनरावांनाही सांगितलं नव्हतं.

आधी आमचं काम समजून घ्या. चामडीवरचा एखादा डाग किंवा गाठ नुसत्या नजरेनं ओळखू येत नाही. मग तिथला छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागतो. त्याला बायोप्सी म्हणतात; आमच्याकडे कोणी म्हणत नाही. आमच्याकडे ‘तुकडा काढणे’. “माह्यावाला तुकडा आला काजी?” असं पेशंट फोनवर विचारतो, म्हणजे रिपोर्ट आला का. जागा बधिर करायची, धारदार गोल तोंडाच्या नळीनं डाळीच्या दाण्याएवढी चामडी उचलायची, एखादा टाका घालायचा. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात काम संपतं.

अडचण त्यानंतर सुरू होते. रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि पेशंट यायला त्याहून जास्त. कापसाची वेचणी असते, पोरीचं लग्न असतं, बारावीची परीक्षा असते. तो येतो तेव्हा आमचा टाका कुठे होता ते शोधून सापडत नाही. चामडी फार टापटिपीची गृहिणी आहे. पाहुणे गेले की सगळं आवरून ठेवते. रिपोर्टात लिहिलेलं असतं की ती जागा आता पूर्ण काढून टाका. कोणती जागा? समोर चेहरा असतो, त्यावर उन्हाचे डाग, जुन्या पुटकुळ्यांच्या खुणा, तीळ, चामखिळी. आणि कागदावर दोन शब्द: डावा गाल. गाल केवढा मोठा असतो, हे असा शोध घेताना कळतं.

म्हणून फोटो. तोही माझ्या नाही, पेशंटच्या फोनवर. कारण पुढचं ऑपरेशन नागपूरला होईल की कुठे, ते मला ठाऊक नसतं. पेशंट जाईल तिथे त्याचा फोन जातो, माझं कपाट जात नाही. शिवाय चेहरा त्याचा, तर फोटोही त्याच्याजवळच असावा. पेनानं जागेभोवती गोल काढायचा आणि दोन फोटो घ्यायचे. एक जवळून. एक दुरून, ज्यात कान, नाक, डोळा दिसला पाहिजे. नुसता जवळून काढला तर आकाशातून शेत पाहिल्यासारखं होतं. शिवार दिसतं, गाव कोणतं ते कळत नाही.

इतकं सोपं आहे, आणि लोक त्यातही भर घालतात. एका तरुणाच्या फोनमध्ये चेहरा आपोआप गोरा करण्याची सोय होती. मंदाताईंनी फोटो काढला तर डाग, टाका, पेनाचा गोल, सगळं गायब आणि पोरगा नवरदेवासारखा. “इतक्यात बरा झाला काजी!” मंदाताई म्हणाल्या. एका काकूंच्या लेकीनं आईच्या कपाळावरच्या टाक्यावर लाल बदामाचं चित्र चिकटवून फोटो जपून ठेवला होता. का, तर “उघडं बरं नव्हतं दिसत.” तिचं चुकलं असं मला म्हणवलं नाही. एका घरी दिवाळीची साफसफाई करताना फोनचीही साफसफाई झाली. सणासुदीला आजाराचा फोटो घरात नको, म्हणून सासऱ्यांनी स्वतः तो पुसायला लावला. तेव्हापासून मंदाताई बजावतात, “एका फोनात नोका ठेवू. मामाले धाडा, आत्याले धाडा, जिच्याशी भांडन हाये तिले तर पयले धाडा. ते जपून ठेवते.”

आणि मग ती बोरच्या जंगलाकडची म्हातारी. घरात त्यांची गोंडी, आमच्याशी मोडकंतोडकं वऱ्हाडी. तुकडा एका शिबिरात काढलेला, रिपोर्ट हातात, त्यात नुसतं ‘कानशील’, बाजू नाही. कानशिलाजवळची गाठ पूर्ण काढायची होती, आणि गाठीचा वरचा भाग तुकड्यातच गेल्यानं दोन्ही कानशिलं सारखीच दिसत होती. सुनेनं अभिमानानं फोन पुढे केला. फोटो उत्तम होता. दुरून काढलेला, कान-नाक-डोळा सगळं त्यात, उजव्या कानशिलावर टाका. मी उजवीकडे खूण केली, बधिर करायचं इंजेक्शन भरून घेतलं, म्हातारीचा चेहरा हातानं वळवला आणि थांबले. तिच्या गालावर गोंदणाचा एक एकटा ठिपका होता. डाव्या गालावर. फोटोत तो उजव्या गालावर होता.

“हा फोटो कसा काढला?” मी सुनेला विचारलं.

“मांगचा क्यामेरा फुटला न बाई. पुढच्यानं काढला. म्या अन् बुढी, दोघीचा.”

सेल्फी. काही फोन सेल्फी आरशासारखी जपतात, डावं-उजवं अदलाबदल करून. मी म्हातारीला सांगितलं की आजी, तुमच्या गोंदणानं आज वाचवलं. ती खूश झाली. सोनं कोणी काढून घेईल, पण गोंदण मेल्यावरही आपल्यासोबत येतं, असं त्यांच्यात मानतात. ते फोनमध्ये बाजू बदलून बसेल, हे तिला काही पटलं नाही. “फोनच बयाड हाये,” म्हणजे फोनच वेडा, असा तिनं निकाल दिला.

तेव्हापासून सेल्फी पाहिली की मी आधी गोंदण पाहते. ते नसेल तर पुरुषाच्या शर्टाचा खिसा पाहते. खिसा नेहमी डावीकडे असतो. फोटोत तो घालणाऱ्याच्या उजवीकडे दिसला तर फोटो उलटा आहे.

त्या दिवशी मी इंजेक्शन खाली ठेवलं आणि दोन्ही कानशिलं पुन्हा बोटांनी चाचपली. मला वामनराव आठवले होते.

वामनराव पहिल्यांदा आले ते एकटे नाही, मुलाला घेऊन. रोहण्याला त्यांची शेती आहे, थोडी संत्र्याची बाग. डाव्या डोळ्याखाली, गालावर मोत्यासारखी चमकणारी बारीक गाठ होती. मी तुकडा काढला, कागदावर ‘डावा गाल’ लिहिलं. रिपोर्ट आला: चामडीचा कॅन्सर, पण त्यातला गरीब प्रकार. हळू वाढतो, अंगात सहसा पसरत नाही, जागा नीट काढली की काम झालं. वामनराव मात्र वेचणी आटोपून आले. तोवर गाल आवरलेला होता. लहानपणी त्यांना देवी आलेल्या, त्यामुळे गालभर वणांचे बारीक खड्डे. त्यातला एक मला माझ्या टाक्याची खूण वाटला. मी त्यावर बोट ठेवलं.

“हेच ना?”

“हाव जी,” वामनराव म्हणाले.

इथे मला थांबून सांगितलं पाहिजे. बाहेरचा वाचक म्हणेल, पेशंटनंच होकार दिला. पण मी बाहेरची नाही. माझा जन्म या जिल्ह्यातला. माझे वडील साहेबांपुढे, वकिलापुढे, मास्तरांपुढे आयुष्यभर ‘हाव जी’ म्हणत आले. आमच्याकडे ‘हाव जी’चा अर्थ ‘बरोबर आहे’ असा नसतो. त्याचा अर्थ ‘तुमचं ऐकलं’ एवढाच. शहाण्या माणसानं विचारलं तर नाही कसं म्हणायचं, हा त्यातला आदर. मला हे पाळण्यापासून ठाऊक होतं. पण बाहेर पेशंटची रांग होती आणि मला ते उत्तर सोयीचं होतं. त्यांचा मुलगा दाराशी बाकावर बसून फोनवर काहीतरी पाहत होता. म्हणजे कॅमेरा तेव्हाही होता, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर.

मी ती जागा काढली. तपासणीला पाठवली. रिपोर्ट आला की यात कॅन्सरच्या पेशी नाहीत. शंका यायला हवी होती. मला आनंद झाला. कधी कधी सगळा रोग पहिल्या तुकड्यातच निघून जातो, असं होतंही. मी वामनरावांना म्हटलं, “नशीबवान आहात.” त्यांनी आर्वीहून पेढे आणले.

दीडेक वर्षानं ते पुन्हा आले. खुर्चीवर बसले तेव्हाच मला कळलं. माझ्या ऑपरेशनचा व्रण गालावर होता तिथे होता, आणि त्याच्यापासून बोटभर वर, डोळ्याच्या दिशेनं, तीच चमकणारी गाठ होती. आता मोठी झालेली.

“काय झालं जी हे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “परत आलंय, वामनराव.”

दोन शब्द. मी ते ठरवून बोलले नाही, असं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. पण तोंडातून निघाल्यावर ते परतही घेतले नाहीत. गेलंच नव्हतं ते परत कुठून येणार? मी चुकीची जागा कापली होती आणि दोष रोगाच्या अंगावर ढकलला. नागपूरच्या सर्जनलाही मी तेच सांगितलं. तिथे मोठं ऑपरेशन झालं, रोग पूर्ण निघाला, पण डाव्या डोळ्याची खालची पापणी जराशी ओढली गेली ती गेलीच. वाऱ्यात त्या डोळ्याला पाणी येतं.

त्यानंतर वामनराव नेमानं तपासणीला यायला लागले. दर वेळी हातात एक पिशवी. हंगामात संत्री, कधी तुरीच्या ओल्या शेंगा, कधी अंबाडीची भाजी. “बाई, तुमी होत्या म्हणून ध्यानात आलं,” असं ते मंदाताईंसमोर सांगत. मी संत्री घरी नेत असे आणि मला ती सोलवत नसत. सुरुवातीला मी गप्प बसले ती दवाखान्याचं नाव जाईल या भीतीनं. मग भीती ओसरली, पण पिशव्या सुरू झाल्या होत्या. इतकी माया करणाऱ्या माणसाला आता काय सांगायचं, असं वाटायचं. खरं म्हणजे ती माया मला सोडवत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ते नातीला घेऊन आले. ओवी नाव, सातेक वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मी व्रण तपासला, सगळं ठीक होतं. तेवढ्यात पोरगी त्यांच्या मांडीवर चढायला लागली, डावीकडून.

“इकडून नोको, बापू. इकडून ये,” ते नातीला लाडानं म्हणाले आणि तिला उचलून उजव्या बाजूला घेतलं. पोरगी सवयीनं उजव्या गालाला बिलगली. दोघांनाही त्यात काही नवीन नव्हतं.

मी विचारलं, “काऊन? डाव्या बाजूला दुखतं का?”

“नाई जी. दुखत नाई.” मग जरा ओशाळून म्हणाले, “तिले म्या जलमापासून ह्या गालाले हात लावू देल्ला नाई.”

“पण हा रोग लागत नाही, वामनराव. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“सांगतलं न. तुमीच सांगतलं. पन बाई, कापून फेकलेलं परत आलं का नाई? म्हंजे ते कोठंतरी जित्तं बसून होतं. मंग मी लेकराचा भरोसा कसा करू?” आणि हसून म्हणाले, “तिची आजी म्हणते बुढा येडा झाला. म्हणू दे.”

पोरीचे हात त्यांच्या गळ्यात होते. माझ्या दोन शब्दांनी तिला सात वर्षं एका बाजूला बसवलं होतं.

मी मंदाताईंना ओवीला बाहेर घेऊन जायला सांगितलं आणि दार लावलं.

“वामनराव, ते परत आलं नव्हतं.”

“अं?”

“ते गेलंच नव्हतं. पहिल्या वेळी मी चुकीची जागा काढली. रोग होता तिथेच राहिला. तो वाढला, म्हणून नागपूरला एवढं मोठं करावं लागलं. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले.”

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं; ते नेहमीचं की वेगळं, मला कळलं नाही. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलं.

“म्हंजे तो परत येनारा नोयता.”

“नाही. नागपूरला काढला तेव्हा गेला तो. तपासणी करत राहायची, पण तो चिवट नव्हता. मी चुकले होते.”

“अन् मी हाव म्हणलो.”

“तुमचा दोष नाही त्यात.”

“दोषाचं नाई म्हणून राह्यलो मी,” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मले मालूम होतं बाई, तुमी बोट ठेवलं ते देवीचं वन हाये. माह्या गालावरचं वन मले नाई मालूम? मले वाटलं, डॉक्टरीनबाईले जास्त समजते. खालून काढत असन. म्हणून हाव म्हणलो. तुमी परत एक डाव इचारलं असतं, तर म्या सांगतलं असतं.”

मी म्हटलं, तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा, मी जे झालं ते लिहून देते.

“लेहून काय करू?” ते उठले. “सात वर्सं, बाई. पोट्टी मोठी झाली.”

दाराशी गेले, परत वळले, टेबलाजवळ ठेवलेली संत्र्यांची पिशवी उचलली आणि घेऊन गेले.

मंदाताई आत आल्या. “पिशवी घेऊन गेले न जी!” मी सगळं त्यांनाही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, काहीतरी टोचून बोलतील. त्या म्हणाल्या, “बरं झालं नेली. संत्री तं त्याहिचीच होती.”

पुढच्या तपासणीला वामनराव आले नाहीत. तपासणी चुकवून चालणार नव्हतं, म्हणून मंदाताईंनी फोन केला. “पाहू,” एवढंच उत्तर. मी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव कळवलं, माझ्याकडे यायचं नसेल तर तिकडे जा म्हणून. त्यावरही “पाहू.”

मग परवा, उन्हाळा सरता सरता, दवाखाना आवरत असताना फोनवर वामनरावांकडून दोन फोटो आले. खाली एकच ओळ होती, मुलानं लिहून दिली असावी: ‘तपासनीचे फोटो. जवळून अन् दुरून.’

जवळचा फोटो अगदी नियमाप्रमाणे होता. व्रण सपाट, फिकट, स्वच्छ. आजूबाजूला काही नवीन नाही. दुरूनचा उघडला. बागेत काढलेला, वामनराव आणि ओवी. पोरगी त्यांच्या गालाला गाल चिकटवून हसत होती आणि तिनं त्यांच्या दुसऱ्या गालावर तळहात दाबून धरला होता. हसण्यात दोघांचे डोळे मिटलेले. जागा दिसतच नव्हती. आणि पोरगी नेहमीसारखीच त्यांच्या उजव्या बाजूला होती.

मी फोन खाली ठेवला. म्हटलं, इतक्या वर्षांची सवय, ती माझ्या एका दुपारच्या कबुलीनं कशी जाईल.

मग पुन्हा उचलला. फोटोत एका बाजूनं ओवीचाच हात पुढे आलेला होता. सेल्फी होती ती, तिनंच काढलेली. मी फोटो मोठा करून खाली सरकवला. वामनरावांच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा, त्यात चष्म्याचं घर.

खिसा त्यांच्या उजवीकडे होता.

“मंदाताई,” मी म्हटलं, “डावाच गाल आहे.”

मंदाताई शटर ओढायच्या घाईत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“हाव जी,” त्या म्हणाल्या.